तारखेचा पैसा



ऑगस्ट २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे पहिले दोन हप्ते, मिळून ३,००० रुपये, राज्यातल्या बायकांच्या खात्यांवर जमा झाले आणि 'पंधराशे' हा आकडा घराघरांत पोहोचला. त्यावर वाद झडले, निवडणूक लढवली गेली, तिजोरीची गणितं मांडली गेली. त्याच्या वर्षभर आधी, २०२३ साली, संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या विधवेचं मासिक अनुदानही पंधराशेवर आलं होतं. ती बातमी तहसील कचेरीच्या व्हरांड्यापलीकडे फारशी गेली नाही. नव्या योजनेचा नियम असा होता की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला पंधराशे मिळणाऱ्या बाईला हे पैसे मिळणार नाहीत. म्हणजे नवरा असलेली आणि नसलेली, दोघींच्या खात्यावर येणारी रक्कम एकच.

रक्कम एक असली तरी दोन घरांत ती एकच काम करत नाही. ती विधवेच्या घरात काय करते आणि काय करू शकत नाही, हा आजचा विषय आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा तास तुम्हाला त्याच्याशी वाद घालता येईल. विधवेच्या घरात पैशाची किंमत सर्वांत आधी त्याच्या तारखेत असते. नंतर तो कोणाच्या नावावर येतो यात. आणि तिसऱ्या क्रमांकाला तो किती आहे यात. आपली योजना, आपला अर्थसंकल्प आणि आपली भाषणं मात्र तिसऱ्या गोष्टीपासून सुरू होतात आणि बहुधा तिथेच संपतात.

अन्नवस्त्रापासून अनुदानापर्यंत

महाराष्ट्रात विधवेच्या प्रश्नाची चर्चा नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. पुनर्विवाह, केशवपन, शिक्षण हे त्या शतकाचे प्रश्न होते आणि ते मुख्यतः वरच्या जातींतल्या बायकांचे होते. शेतकरी आणि कारागीर जातींत पाट किंवा म्होतूर लावण्याची चाल होतीच. तिथला प्रश्न वेगळा होता: नवऱ्याच्या जमिनीवर कोण बसणार, लेकरं कोणाकडे राहणार, आणि बाईचं पोट कोण भरणार. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याने लग्नाची मुभा दिली, पण दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क गेला, असंही त्याच कायद्यात लिहून ठेवलं.

एकत्र कुटुंबातल्या विधवेला जुन्या हिंदू कायद्याने वाटा दिला नव्हता, अन्नवस्त्र दिलं होतं. ते मिळायचं सासऱ्याच्या किंवा दिराच्या हातून. १९३७ च्या कायद्याने तिला हयातीपुरता हक्क मिळाला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पूर्ण मालकी. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात खेड्यातल्या विधवेचा मीठमिरचीचा खर्च पुढेही घरातल्या कोणा पुरुषाच्या खिशातूनच निघत राहिला.

१९८० साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना निराधार योजना सुरू झाली. केंद्राने १९९५ मध्ये राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम आणला आणि २००९ मध्ये त्यात विधवा निवृत्तिवेतनाची भर घातली. या योजनांच्या रकमा नेहमीच तुटपुंज्या होत्या. तरी त्यांनी एक गोष्ट पहिल्यांदा केली: घरातल्या कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसलेला पैसा विधवेच्या हातात घराबाहेरून आणून दिला. २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्यभर त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. मात्र बांगड्या न फोडता घरी आलेल्या बाईलाही दुसऱ्या दिवशी किराणा आणायचाच असतो.

एका घराचा हिशेब

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. हे कोणा एकीचं घर नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. यवतमाळकडचं गाव, तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि त्यात तुरीच्या ओळी. नवरा गेलेला. घरात सासू, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य फुकट आहे, तेव्हा गहू-तांदळाची चिंता पूर्वीइतकी नाही. रोख लागते ती तेलाला, डाळीला, गिरणीला, वीजबिलाला, सासूच्या बीपीच्या गोळ्यांना, वह्यांना, मोबाइलच्या रिचार्जला. निंदणीची मजुरी दिवसाला दोनशे-अडीचशे धरली तर पंधराशे म्हणजे सहा-सात दिवसांचं काम. ज्या महिन्यांत शेतात कामच नसतं, त्या महिन्यांत ही रक्कम कुठल्याच मजुरीएवढी नसते, कारण मजुरी शून्य असते.

हीच रक्कम शेजारच्या नवरा असलेल्या घरात वेगळी का वागते? याचं उत्तर शेतात आहे. निंदणी, वेचणी बाई स्वतः करते. नांगरणी, वखरणी, डवरणी, फवारणी ही कामं आपल्याकडे पुरुषांची मानली जातात. औत बाईच्या हाती देत नाहीत. नवरा होता तेव्हा ही कामं घरातल्या घरात व्हायची. तो गेल्यावर यातलं प्रत्येक काम रोखीचं झालं. डवऱ्याला पैसे, फवारणीवाल्याला पैसे, कापूस गाडीत भरून न्यायलाही पैसे. एक कमावता हात गेला आणि त्याच दिवशी शेतीचा रोख खर्च वाढला, अशी दुहेरी कात्री तिच्या घराला लागते. शिवाय वेळेचा प्रश्न असतो. रोख नसली की तिचं शेत सगळ्यांचं झाल्यावर वखरलं जातं. पाऊस पडून गेल्यावर आठ दिवस उशिरा झालेली पेरणी हे कापसाच्या पिकात पुढे क्विंटलांत मोजायचं नुकसान असतं.

दरमहा पैसा येऊ लागला की पहिला फरक पडतो तो किराणा दुकानात. नवऱ्याच्या नावावर चालणारी उधारी तो गेल्यावर थांबलेली असते. दुकानदार दुष्ट असतो असं नाही. वसुली कोणाकडून करायची हे त्याला समजत नाही. निराधारचा पगार सुरू झाला हे गावात कळतं आणि वही पुन्हा उघडते. आता पंधराशेचं अनुदान महिनाभराच्या किराण्याची पत उभी करतं. इथे तारीख महत्त्वाची होते. दुकानदार रकमेवर भरवसा ठेवत नाही, पैसे येण्याच्या दिवसावर ठेवतो.

दुसरा फरक मजुरीत पडतो. ज्येष्ठ-आषाढात हात रिकामे असतात तेव्हा मोठ्या शेतकऱ्याकडून उचल घ्यायची आणि पुढे त्याच्या शेतात कमी दराने निंदून ती फेडायची, हा जुना रिवाज आहे. ऐन निंदणीच्या दिवसांत, मजुरीचा दर चढलेला असताना, ती बाई अशी बांधलेली असते आणि तिच्या स्वतःच्या कपाशीत तण माजतं. महिन्याला ठरलेला पैसा येत असेल तर ती ही उचल टाळू शकते. पंधराशे रुपयांनी तिला दिलेली ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही खर्चाच्या यादीत दिसत नाही, कारण ती विकत घेतलेली वस्तू नाही. ती दिलेला नकार आहे.

तिसरा फरक घराच्या आत. सासू ६५ वर्षांची असेल तर तिला श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात. एका घरात दोन बायका, दोघींच्या नावावर दोन खाती. सासू-सुनेचं नातं यामुळे गोड होतं असं मी म्हणणार नाही. पण दोघी मिळून बँकेत जातात, कोणाचे पैसे कशाला लावायचे हे एकमेकींना विचारतात, आणि दिराच्या दारात जाऊन उभं राहण्याची वेळ दोघींवरही कमी येते. एस्थर दुफ्लो या अर्थतज्ज्ञ बाईंनी दक्षिण आफ्रिकेतल्या वृद्धापकाळाच्या पेन्शनचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घरांत पेन्शन आजीच्या हातात येत होतं, त्या घरांतल्या नातींची वाढ सुधारलेली दिसली. ते आजोबांच्या हातात आलं तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. आपल्याकडची श्रावणबाळवाली आजी नातीच्या शाळेची फी भरते, तिला एसटीचा पास काढून देते, तेव्हा ती काही जगावेगळं करत नसते.

या चित्राला काळी बाजूही आहे. पैसा यायला लागला की मदत आटते. भाऊबीजेला माहेरून येणारं पोतंभर धान्य बंद होतं, कारण आता तिला मिळतंच की. पूर्वी हातउसने पन्नास रुपये द्यायलाही कुरकुरणारा दीर तिच्याकडे पाचशे मागायला येतो आणि ते परत येत नाहीत. वयात आलेल्या मुलाला मोबाइलचा हप्ता त्याच पैशांतून हवा असतो. साप्ताहिक वसुलीच्या मायक्रोफायनान्सवाल्यालाही तिची तारीख कळलेली असते. नियमित पैसा माणसाला पत देतो, तसं कर्जही देतो. या रकमेने गरिबी हटते असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ती गरिबीतली अगतिकता कमी करते, आणि तेवढ्यानेही बाईचं घरातलं स्थान सरकतं.

एकरकमी की मासिक

शेतकऱ्याने आत्महत्या केली की वारसांना १ लाख रुपये देण्याचा राज्य सरकारचा निर्णय २००६ चा आहे. त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत अशी विभागणी तेव्हा केली गेली. ही रक्कम पुढची जवळपास दोन दशकं तेवढीच राहिली. पात्रता ठरते ती सातबाऱ्यावरचं नाव, कर्जाची थकबाकी, वसुलीचा तगादा अशा निकषांवर. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल किंवा कर्ज गावातल्या सावकाराचं तोंडी असेल, तर फाइल अपात्र होण्याची भीती. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. ही योजना किती कुटुंबांना माहीत आहे, याचा अंदाज तुम्हीच तुमच्या गावात घ्या.

एकरकमी पैशाचा खरा अडसर त्याच्या वेळेत आहे. तो मंजूर होतो तो बाईच्या आयुष्यातल्या सर्वांत दुबळ्या क्षणी. ती सुतकातून नुकती उठलेली, बाहेर पडायला बिचकणारी, सह्या कुठे करायच्या हे दिराला विचारणारी. सावकार दारात आलेला असतो, तेराव्याचा खर्च कोणी तरी केलेला असतो, सासऱ्याच्या मते मुलगा त्यांचा होता तेव्हा पैशांवर हक्क त्यांचाही आहे. ३०,००० या गर्दीत विरघळून जातात. दरमहा येणारा पैसा या गर्दीच्या हाती लागत नाही, कारण तो एका वेळी भांडण्याइतका मोठाच नसतो. आणि सहा महिने, वर्षभर बँकेत जाऊन आलेली बाई पहिल्या महिन्यातली बाई राहत नाही. स्लिप भरणं, पासबुकावर नोंद करून घेणं, साहेबाला उलट विचारणं हे ती शिकलेली असते. एकरकमी मदत याच वेळी मिळाली असती तर तिचा उपयोग तिने वेगळा केला असता.

पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या रारिएडा भागात, 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने गरीब घरांना मोबाइलवरून विनाअट पैसे दिले. त्याचा योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांना पैसे दरमहा मिळाले, काहींना एकरकमी. दरमहा मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची खात्री वाढली. एकरकमी मिळालेल्या घरांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, त्यांत गवती छपराच्या जागी पत्र्याचं छप्पर ठळक होतं. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. तिथल्या पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. दीर्घकाळ दरमहा पैसे मिळणार हे ज्यांना माहीत होतं, त्यांतल्या अनेकांनी आपसांत भिशी लावून त्यातून एकरकमी पैसा स्वतःच उभा केला. आपल्या बचत गटातल्या बाईला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. भिशीत शिरायला मोठी रक्कम लागत नाही. दर महिन्याला न चुकता वर्गणी देता येईल असं इतरांना वाटावं लागतं. म्हणजे पुन्हा तारीख.

म्हणून 'एकरकमी की मासिक' हा वाद मला खोटा वाटतो. विधवेच्या घराला दोन्ही लागतात आणि क्रम लागतो. आधी तारखेचा पैसा ताबडतोब, आणि वर्षभराने, तिचे पाय जमिनीला लागल्यावर, शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी किंवा विहिरीच्या मोटारीसाठी एकरकमी पैसा. आज आपण नेमकं उलट करतो. एकरकमी मदतीचा निकाल आधी लावतो आणि मासिक अनुदानासाठी तिला समितीच्या बैठकीची वाट पाहायला लावतो.

नाव

पैसा तिच्या नावाने येतो, एवढं म्हणून भागत नाही. ते नाव सिद्ध करत राहावं लागतं. दरवर्षी हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडणी, बोटांचे ठसे. वर्षानुवर्षं निंदणी-वेचणी केलेल्या हाताचे ठसे यंत्राला पटकन ओळखू येत नाहीत, हे कोणत्याही बँक मित्राला विचारा.

२०२५ साली लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागितला गेला. नवरा नाही आणि वडीलही नाहीत, अशा बायका अडकल्या. पुढे सरकारने मुदत वाढवली आणि मृत्यूचा दाखला देण्याची वाट काढली. अधिकाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण बाईला पैसे देण्यासाठी बनवलेल्या संगणकाच्या रकान्यात बाईच्या मागे एक पुरुष गृहीत धरला होता, हे त्यातून दिसलं. २०२४ मध्ये पहिले हप्ते पडले तेव्हा काही बँकांनी थकीत कर्जापोटी आणि शुल्कापोटी ते कापून घेतले आणि सरकारला बँकांना सूचना काढाव्या लागल्या. खातं तिचं, पण त्यातल्या पैशावर पहिला हात दुसऱ्याचाच.

नावाचा खरा प्रश्न मात्र सातबाऱ्यावर आहे. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांतल्या ५०५ बायकांची पाहणी केली. नवरा कसत असलेली जमीन सुमारे ४० टक्के बायकांच्या नावावर झालेली नव्हती. जमीन आणि रोख मदत हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं आपण समजतो. ते तसे नाहीत. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. वारस नोंद अडली, फेरफार दिराने हरकत घेऊन थांबवला, की हे १२,००० गेले. पीक कर्ज गेलं, पीक विमा गेला, अतिवृष्टीची भरपाई गेली. महिन्याला पंधराशे देणारं सरकार, एक फेरफार वेळेत न केल्यामुळे, त्याच बाईचे महिन्याला हजार रुपये बुडवतं.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती: शेतकऱ्याने आपल्या हयातीतच जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा. गावागावांतल्या शेतकऱ्यांनी तो केला. नवरा जिवंत असताना सातबाऱ्यावर आलेलं नाव तो गेल्यावर कोणाकडे मागावं लागत नाही, हा त्यातला व्यवहार होता. विधवेच्या मदतीची सुरुवात ती विधवा होण्याआधीच झाली पाहिजे, हे त्या चळवळीला फार आधी कळलं होतं.

तारीख आणि अट

आता तारखेकडे येते. अनुदान मंजूर करण्याचा अधिकार तालुक्याच्या समितीकडे राहिला. अशासकीय अध्यक्ष, तहसीलदार सचिव. समितीची नेमणूक राजकीय, बैठक होईल तेव्हा खरी. मंजुरीनंतरही निधी कधी दोन महिन्यांचा एकदम येतो, कधी तीन महिन्यांचा. गेल्या काही वर्षांत थेट खात्यावर पैसे टाकण्याची पद्धत इथेही आली, मधला टप्पा गेला, हे चांगलंच झालं. पण निधी वेळेवर सुटला नाही तर थेट काय आणि वळणाने काय, खातं रिकामंच. तीन महिन्यांचे ४,५०० एकदम येणं आणि महिन्याला पंधराशे येणं हिशेबात सारखं आहे. घरात ते सारखं नाही. त्या तीन महिन्यांत दुकानदाराची वही बंद झालेली असते, उचल घेतली गेलेली असते, भिशीतून नाव वगळलेलं असतं. उशिरा आलेले ४,५०० मग मागची देणी भागवतात. पावसाळा लांबला तर पाऊस पुरेसा पडूनही पीक जातं, तसंच हे आहे.

आणि अट. निराधार अनुदानासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपये राहिली. वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाला अडीचशेने मजुरी करणारी बाई ८४ दिवस कामावर गेली की ही मर्यादा गाठते. वर्षाचे उरलेले २८१ दिवस तिने काय खावं? लाडक्या बहिणीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली होती. एकाच सरकारच्या दोन कागदांवर गरिबीचे दोन अर्थ आहेत, आणि त्यांतला कठोर अर्थ विधवेच्या वाट्याला आला. परिणाम काय होतो? तलाठ्यापासून अर्जदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं की दाखल्यावरचा आकडा खरा नाही. ज्या बाईला आपण सन्मानाने जगण्यासाठी मदत देतो म्हणतो, तिच्याकडून पहिली सही आपण खोट्या कागदावर घेतो. एकदा ती सही केली की तक्रार करण्याचं तिचं बळ संपतं. पैसे का थांबले, असं विचारायला गेलं आणि दाखला तपासला तर काय, ही धास्ती तिला गप्प ठेवते.

आक्षेप

दोन आक्षेप नेहमी येतात. फुकटच्या पैशाने माणसं आळशी होतात, हा पहिला. निंदणीला बाया मिळत नाहीत, अशी तक्रार शेतकरी करतात आणि ती सगळीच खोटी नाही. पण मिळत नाहीत म्हणजे कोणत्या दराला मिळत नाहीत, हे विचारलं पाहिजे. सेवा या संघटनेने युनिसेफच्या मदतीने मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यातल्या ८ गावांत २०११-१२ च्या सुमारास सरसकट सर्वांना पैसे देऊन पाहिले. सुरुवातीला प्रौढाला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये, नंतर ३०० आणि १५०. लोकांनी काम सोडलं नाही. उलट दुसऱ्याच्या शेतातली मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात, शेळ्या-कोंबड्यांत जास्त वेळ घातला. मोठ्या शेतकऱ्याच्या बांधावरून पाहिलं तर हा आळस दिसतो. तिच्या शेतातून पाहिलं तर ते काम दिसतं.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं होतं. हा भार लहान नाही आणि आरोग्य, शिक्षण, सिंचन यांच्या वाट्याला त्यामुळे काय उरतं ही चिंता रास्त आहे. मी तर असं म्हणेन की ही चिंता विधवेच्या बाजूनेच करायला हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या नसतील तर पंधराशेतले पाचशे खाजगी डॉक्टरकडे जातात. पैसा सेवांची जागा घेऊ शकत नाही. पण तिजोरी आवळायची वेळ आली की सर्वांत आधी ज्यांचा आवाज निघत नाही त्यांचे पैसे लांबतात, हा आपला अनुभव आहे. केंद्र सरकार विधवा निवृत्तिवेतनात घालत असलेले महिन्याचे ३०० रुपये २०१२ पासून ३०० च आहेत. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. विधवेची महागाई बारा-तेरा वर्षं थांबून राहिली आहे.

काय करता येईल

शेवटी काही ठोस गोष्टी मांडते. त्यांतल्या बहुतेक खर्चाच्या नाहीत, पद्धतीच्या आहेत.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी असा कायदा आहे आणि खेड्यात ती ग्रामपंचायतीतच होते. नोंद झाली त्याच दिवशी ग्रामपंचायतीने तीन अर्ज स्वतःहून सुरू करावेत: निराधार अनुदानाचा, कुटुंब लाभाच्या २०,००० चा आणि तलाठ्याकडे वारस नोंदीचा. नवरा मेला हे सरकारला माहीत आहे. दाखला सरकारनेच दिलेला असतो. तरीही तीन कचेऱ्यांत तोच दाखला घेऊन तिनेच का फिरायचं? वारस नोंदीवर हरकत आली तर ती ठरावीक मुदतीत निकाली निघावी आणि तोवर पत्नीचं नाव तात्पुरतं लागावं.

उत्पन्नाची मर्यादा निदान लाडक्या बहिणीइतकी करावी, म्हणजे कोणाला खोटा दाखला काढावा लागणार नाही. मंजुरी समितीच्या बैठकीवर न ठेवता मुदतीवर ठेवावी: अमुक दिवसांत नाकारला नाही तर अर्ज मंजूर. लहान मुलं असलेल्या विधवेला जास्त रक्कम देण्याची पद्धत २०१९ मध्ये आपल्याकडे होती. एक मूल असेल तर १,१००, दोन असतील तर १,२००. पुढे सगळ्यांना सरसकट एक रक्कम झाली आणि तो फरक पुसला गेला. तो परत आणावा.

आणि तारीख कायद्यात घालावी. राजस्थानने २०२३ मध्ये किमान हमी उत्पन्नाचा कायदा केला. त्यात वृद्ध, विधवा आणि एकल महिलांच्या पेन्शनला किमान १,००० रुपयांचा पाया दिला आणि दरवर्षी जुलैत ५ टक्के व जानेवारीत १० टक्के वाढ लिहून ठेवली. त्याची अंमलबजावणी किती होते हा वेगळा प्रश्न, पण वाढ मागायला मोर्चा काढावा लागू नये हे तत्त्व त्यात आहे. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये देशात पहिल्यांदा केला, आणि त्यात काम वेळेत मिळालं नाही तर बेकारी भत्त्याची तरतूद केली. उशिराची किंमत सरकारने मोजायची, हा विचार आपल्याच विधिमंडळात मंजूर झालेला आहे. तोच निराधार अनुदानाला लावा: ठरलेल्या तारखेला पैसे जमा झाले नाहीत, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाची भरपाई तिच्या खात्यावर आपोआप यावी. मग वित्त विभाग तिचा हप्ता पुढे ढकलण्याआधी विचार करील.

रक्कम वाढवा अशी मागणी मीही करीन, आणि ती वाढलीच पाहिजे. पण उद्या रक्कम दुप्पट झाली आणि तारीख अशीच डळमळीत राहिली, तर त्या घरातली उधारी, उचल आणि दिराचा दरवाजा आहे तिथेच राहतील. पुढच्या वेळी तुमच्या दारी मत मागायला कोणी आलं आणि किती देणार ते सांगू लागलं, तर त्याला किती हे विचारू नका. कधी देणार, आणि चुकलात तर काय देणार, हे विचारा.